बाप आणि लेक : निवासी शिक्षणातील एक राहून गेलेला धडा

शाळेची स्मरणिका निघते तेव्हा तीत इमारतींची छायाचित्रे असतात, निकालांचे आलेख असतात, देणगीदारांची नावे असतात आणि उच्चपदस्थ माजी विद्यार्थ्यांची यादी असते. हे सारे योग्यच आहे. ज्या समाजाला शतकानुशतके पाटी-पुस्तकापासून दूर ठेवले गेले, त्या समाजाने आपल्या मुलांच्या यशाची नोंद अभिमानाने करावी, यात वावगे काही नाही. परंतु या यादीत न बसणारा एक प्रश्न या निमित्ताने पालकांपुढे आणि माजी विद्यार्थ्यांपुढे ठेवावासा वाटतो. आपल्या निवासी शाळांनी मुलगा घडविला. तो घडत असताना त्याचे आणि त्याच्या वडिलांचे नाते कोठे गेले?

माझे मत आरंभीच मांडतो. प्रत्येक निवासी शाळेने बाप-लेकांचे एक मंडळ सुरू करावे. तेथे दोघांनी महिन्यातून एक दिवस एकत्र येऊन हाताने, गळ्याने आणि लेखणीने काही काम करावे. ही सूचना ऐकायला किरकोळ वाटेल. तिच्यामागे आपल्या समाजाचा मोठा इतिहास उभा आहे, म्हणून ती सविस्तर मांडतो.

पालकभेटीचा रविवार ज्यांनी पाहिला आहे, त्यांना पुढील दृश्य अपरिचित नाही. आई डबा उघडते, मुलाच्या पाठीवरून हात फिरविते, मोजे फाटले का, खोकला गेला का, हे विचारते. वडील थोडे बाजूला बसतात. "अभ्यास करतोस ना?" हा त्यांचा पहिला प्रश्न. "हो." "मार्क किती पडले?" हा दुसरा. त्याचे उत्तर मिळाले की तिसरा प्रश्न सापडत नाही. मग वडील कार्यालयात जाऊन सरांना भेटतात, फीची पावती घेतात आणि एस.टी.ची वेळ झाली म्हणून उठतात. या माणसाचे मुलावर प्रेम नाही, असे कोण म्हणेल? त्याने कर्ज काढले आहे, ओव्हरटाइम केला आहे, स्वतःसाठी चप्पल घेणे पुढे ढकलले आहे. दोघांमध्ये मायेची उणीव नाही. दोघांना मिळून करण्यासारखे काही उरलेले नाही, ही खरी उणीव आहे.

असे का झाले, याचे उत्तर इतिहासात शोधावे लागते.

आपल्या पूर्वजांच्या घरात बाप आणि लेक एकत्र काम करीत नव्हते, असे नाही. ते करीतच होते. पण ते काम त्यांनी निवडलेले नव्हते. गावकीची कामे, चावडीवरची हजेरी, सांगावे पोहोचविणे, मेलेली जनावरे ओढणे ही महारकी बापाकडून लेकाकडे जात असे. इंग्रजी राज्यात १८७४ च्या वतन कायद्याने या व्यवस्थेला कायद्याची चौकट मिळाली. बोलावणे एका माणसाला असले तरी सेवेचा बोजा सगळ्या घरावर असे. बाप हजर नसला तर घरातील दुसऱ्याने उभे राहावे लागे. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते याच गुलामीवर बोट ठेवण्यासाठी. ही कनिष्ठ वतने कायद्याने संपण्यासाठी १९५८ साल उजाडावे लागले. म्हणजे आजच्या आजोबांच्या पिढीतील अनेकांनी बालपणी बापाच्या मागे चालत जे काम शिकले, ते बेड्यांचे काम होते. 'बापाचा धंदा लेकाने करावा' हे वाक्य इतरांच्या तोंडी कौतुकाचे असेल. आपल्यासाठी ती शिक्षा होती.

म्हणून आपल्या समाजातील बापाने प्रेमाची एक वेगळी रीत शोधून काढली. त्याने मुलाला स्वतःपासून दूर पाठविले. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या काळात १९०८ मध्ये मिस क्लार्क वसतिगृह निघाले, १९२४ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटील यांनी साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारे वसतिगृह उभे केले, बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापुरात वसतिगृह सुरू केले. पुढे १९४५ मध्ये बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि तिचे औरंगाबादचे महाविद्यालय मराठवाड्यातील खेड्यापाड्यांच्या मुलांचे आश्रयस्थान बनले. या प्रत्येक वसतिगृहाच्या दारात एक बाप पोराची वळकटी खाली ठेवून परत फिरला आहे. 'माझ्यासारखा होऊ नकोस' हा त्याचा आशीर्वाद होता. जगात किती बापांना असा आशीर्वाद द्यावा लागला असेल?

हा त्याग महान होता आणि तो फळाला आला. मात्र त्याची किंमतही मोजावी लागली. 'माझ्यासारखा होऊ नकोस' हे वाक्य मुलाने पुन्हा पुन्हा ऐकले आणि त्यातून एक चुकीचा अर्थ त्याच्या मनात रुजला : वडिलांसारखे असणे म्हणजे काहीतरी कमी असणे. अर्जातील 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यापाशी पेन अडखळते. वडील कामावरच्या कपड्यांत स्नेहसंमेलनाला आले तर मुलगा मित्रांच्या घोळक्यात मिसळून जातो. ज्या हातांनी इमारती उभ्या केल्या, वायरिंग केले, ट्रक हाकले, रुग्णालयाचे वॉर्ड स्वच्छ ठेवले, त्या हातांचे ज्ञान मुलाला ज्ञान वाटत नाही. जातिव्यवस्थेने आपल्या श्रमाला हीन ठरविले होते. तोच निवाडा मुलाने शिकून, इस्त्रीच्या गणवेशात, आपल्या बापावर लागू केला, तर आपल्या शिक्षणाने नेमके काय साधले?

बाप-लेकांच्या मंडळाची कल्पना आपल्याकडचीच आहे, असा माझा दावा नाही. अमेरिकेतील मिसुरी राज्यात सेंट लुईस येथे १९२६ मध्ये यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशनच्या हॅरल्ड केल्टनर या कार्यकर्त्याने असे एक मंडळ सुरू केले. त्याचा सहकारी जो फ्रायडे हा ओजिब्वे या आदिवासी समाजातील वाटाड्या होता. आमच्याकडे मुलाला घडविण्याचे काम बाप करतो, तो त्याला सोबत नेऊन शिकार, मासेमारी, जंगलाची भाषा शिकवितो, हे फ्रायडेने केल्टनरच्या ध्यानी आणून दिले. शहरी गोऱ्या बापाला आपल्या मुलासाठी वेळ नव्हता. त्यातून 'वाय-इंडियन गाइड्स' हा उपक्रम जन्मला. बाप-लेकांनी आळीपाळीने एकमेकांच्या घरी जमावे, हस्तकाम करावे, तंबू ठोकून राहावे, अशी त्याची रीत होती. ती देशभर पसरली आणि पुढे बाप-लेकींसाठीही मंडळे निघाली.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला या कथेची दुसरी बाजूही दिसते. गोरे बाप-लेक पिसांचे मुकुट घालून 'आदिवासी' होण्याचा खेळ खेळत होते, त्याच काळात खऱ्या आदिवासींची मुले बापापासून तोडली जात होती. पेनसिल्व्हेनियातील कार्लाइल येथे १८७९ मध्ये उघडलेल्या निवासी शाळेने जो पायंडा पाडला, त्यानुसार मुलांना घरापासून दूर नेले जाई, त्यांचे केस कापले जात, मातृभाषेत बोलल्यास शिक्षा होई. कॅनडात तर १९२० मध्ये कायद्याने सक्ती आली. त्या शाळांबद्दल कॅनडा सरकारला २००८ मध्ये जाहीर माफी मागावी लागली. ज्यांच्याकडून बाप-लेकांचे नाते शिकले, त्यांचेच नाते मोडले गेले. त्या मंडळातील पिसे आणि ढोल यांवर आदिवासींनी आक्षेप घेतला, तो रास्तच होता. अखेर या शतकाच्या आरंभी ते नावही सोडून द्यावे लागले.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. आपली वसतिगृहे कोणा सत्तेने लादलेली नव्हती. ती आपल्या चळवळीने मागितली, उभारली, मूठमूठ धान्य गोळा करून चालविली. कार्लाइल आणि सोलापूर यांना एका मापाने मोजणे हा इतिहासाचा विपर्यास होईल. तरीही 'निवासी' या शब्दात दुरावा असतोच, हा धडा दोन्हीकडून मिळतो. तो दुरावा सक्तीचा असो वा प्रेमाचा, तो भरून काढण्याची जबाबदारी शाळेची आहे.

आपल्या चळवळीने हे काम पूर्वी केलेही आहे. वतनाच्या बेडीतून सुटलेल्या बाप-लेकांना तिने निवडीचे, सन्मानाचे काम दिले. १९२७ मध्ये उभ्या राहिलेल्या समता सैनिक दलाने कवायत, शिस्त आणि सभेचा बंदोबस्त शिकविला. जलशांनी तर सारी वस्तीच रंगमंचावर आणली. भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी तमाशाचा बाज घेतला आणि त्यात शिक्षणाचा, पाणवठ्याच्या हक्काचा, दारूबंदीचा विषय भरला. ढोलकी, हलगी, तुणतुणे ही वाद्ये तीच राहिली. ती वाजविण्याचा हेतू बदलला. भीमगीतांच्या परंपरेत प्रल्हाद शिंदे, त्यांचे पुत्र आनंद व मिलिंद आणि नातू आदर्श अशा तीन पिढ्या गात आल्या. विठ्ठल उमप यांचा वारसा नंदेश उमप चालवितात. हाही बापाकडून लेकाकडे आलेला धंदाच आहे. परंतु तो कोणी लादला नाही. वारसा नको, असे बाबासाहेबांनी कधी म्हटले नाही. जन्मावर लादलेला वारसा त्यांनी नाकारला.

त्यांच्या स्वतःच्या घराचे उदाहरण याहून बोलके आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत त्यांनी आपले वडील सुभेदार रामजी सकपाळ यांची आठवण नोंदविली आहे. सुभेदार मुलांकडून घरात रामायण-महाभारताचे वाचन करवून घेत. लहान भीमरावांना ते पटत नसे. ज्या ग्रंथांत शूद्रांची अवहेलना आहे, ते आपण का वाचावेत, असे त्यांनी वडिलांना विचारले. वडिलांनी उत्तर दिले की, आपण हीन समजले गेलेलो असल्याने मनात न्यूनगंड बसतो, आणि द्रोण, कर्ण यांच्यासारखी साध्या स्थितीतून वर आलेली माणसे त्या कथांत भेटतात. मुलाचे समाधान झाले नाही, हेही बाबासाहेबांनी नमूद केले आहे. मला या प्रसंगात सर्वांत मोलाची वाटते ती ही असहमती. बाप आणि लेक एक ग्रंथ एकत्र वाचत होते, म्हणून लेकाला प्रश्न विचारता आला. बापाने प्रश्नाला उत्तर दिले.  पुढे जगाने पाहिलेल्या चिकित्सक बुद्धीला तिचा पहिला श्रोता त्या घरात मिळाला होता.

धम्मातही हेच सूत्र आढळते. सिगालोवाद सुत्तातील तरुण रोज ओल्या वस्त्रांनी सहा दिशांना हात जोडतो. का? तर मरताना वडिलांनी तसे सांगितले म्हणून. अर्थ त्याला ठाऊक नाही. तथागत त्याला वडिलांची आज्ञा मोडायला सांगत नाहीत. तिला अर्थ देतात. पूर्व दिशा म्हणजे आई-वडील, असे सांगून ते मुलांची आणि आई-वडिलांची परस्परांविषयीची कर्तव्ये मोजून देतात. त्यात मुलाला एखादे शिल्प, म्हणजे कौशल्य, शिकविणे हे आई-वडिलांचे कर्तव्य स्पष्टपणे सांगितले आहे. राहुल आपला वारसा मागत तथागतांकडे आला, तेव्हा त्याला राज्य मिळाले नाही, शिकवण मिळाली. खोटे बोलणाऱ्याची योग्यता किती उरते, हे पात्रातील उरलेल्या थोड्याशा पाण्याकडे बोट दाखवून त्याला समजावले गेले. सम्राट अशोकाने भाब्रूच्या शिलालेखात भिक्षूंनी आणि उपासकांनी वारंवार ऐकावीत अशी जी प्रवचने सांगितली, त्यांत राहुलाला केलेल्या या उपदेशाचा समावेश आहे. समोर भांडे, भांड्यात पाणी आणि शेजारी बसलेला मुलगा : शिकविण्याची ही पद्धत अडीच हजार वर्षे टिकली आहे.

तेव्हा शाळेने करावे काय? माझी सूचना साधी आहे. महिन्यातील एक पालकभेटीचा रविवार बाप-लेकांच्या मंडळासाठी राखून ठेवावा. सकाळी त्रिसरण-पंचशील आणि थोडा वेळ मौन, त्यानंतर काम.

पहिले काम हातांचे. जो वडील गवंडी आहे, त्याने मुलांना ओळंबा आणि पाणसळ हाती द्यावी. जो सुतारकाम जाणतो, त्याने गुण्या आणि रंधा द्यावा. शाळेची मोडकी बाके, उखडलेला गिलावा, गळके नळ यांची दुरुस्ती हाच अभ्यासक्रम. लंब आणि काटकोन फळ्यावर पाठ केलेला मुलगा वडिलांना ओळंबा सोडताना पाहील, तेव्हा भूमिती आपल्या घरी आधीपासून नांदत होती, हे त्याला उमगेल. त्या दिवशी अर्जातील तो रकाना भरताना त्याचे पेन अडखळणार नाही.

दुसरे काम लेखणीचे. मुलाने प्रश्न विचारावेत, वडिलांनी सांगावे आणि मुलाने लिहून घ्यावे : आपले गाव कोणते, घरातील पहिला माणूस शाळेत कधी गेला, गावकी कोणी आणि कशी सोडली, १९५६ च्या धम्मदीक्षेला घरातून कोण गेले होते. नरेंद्र जाधव यांचे 'आमचा बाप आन् आम्ही' हे पुस्तक अनेक वाचकांच्या घरी असेल. फारसे न शिकलेल्या, बंदरात कष्ट केलेल्या वडिलांनी मुलाच्या आग्रहावरून आपल्या आठवणी कागदावर उतरविल्या, हे त्या पुस्तकाचे मूळ आहे. आपला इतिहास दप्तरखान्यात फारसा सापडत नाही. तो बापाच्या आठवणीत असतो, आणि ती आठवण त्याच्यासोबत विझते. शाळेच्या ग्रंथालयात अशा वह्यांचे एक कपाट उभे राहिले, तर पुढच्या संशोधकाला ते कोणत्याही इमारतीहून मोलाचे ठरेल.

तिसरे काम गळ्याचे आणि चुलीचे. ज्यांना ढोलकी येते, पेटी येते, त्यांनी मुलांना साथीला घ्यावे. दुपारचे जेवण बाप-लेकांनी रांधावे आणि त्या दिवशी आयांना पंगतीत बसवावे. भाकरी थापताना ज्या बापाची तारांबळ उडते, त्याच्याजवळ मुलगा सहज जातो. ताटे धुताना मुलाच्या मनात समतेचा जो धडा उतरतो, तो पाठ्यपुस्तकातून उतरत नाही.

या मंडळाचे नियम थोडे असावेत. त्या दिवशी गुणांचा विषय काढू नये. व्यासपीठ, हारतुरे, पाहुण्यांची भाषणे नसावीत. वर्गणी नसावी. आणि दारूचा स्पर्श झालेल्या दिवशी कोणी येऊ नये. पंचशील घेणाऱ्या घरांनाही हे सांगावे लागते, याचे दुःख आहे. पण मुलाने वाट पाहावी आणि त्यासाठी बापाने एक दिवस कोरडा ठेवावा, हीही एक सुरुवातच आहे.

काही आक्षेप येतील. पहिला असा की, बापाचे काम मुलाला शिकविणे म्हणजे पुन्हा जातीच्या धंद्याकडे नेणे. तसे नाही. जातिव्यवस्था श्रमांची नव्हे, श्रमिकांची विभागणी करते, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच दाखवून दिले. गवंड्याचा मुलगा ओळंबा शिकेल आणि अभियंता होईल. कारकुनाचा मुलगाही त्याच गवंड्याकडून तोच ओळंबा शिकेल. सर्व वडील सर्व मुलांचे शिक्षक असतील, तेथे जातीचा धंदा कसा उरेल?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्या मुलाला वडील नाहीत, किंवा ज्याचे वडील घर सोडून गेले आहेत, त्याने त्या दिवशी काय करावे? अशा मुलाला एकटे वाटेल असे मंडळ काढण्यापेक्षा ते न काढलेले बरे. म्हणून मामा, काका, आजोबा, थोरला भाऊ यांना तेथे तोच मान असावा. आणि जेथे कोणीच नाही, तेथे माजी विद्यार्थ्याने उभे राहावे. ज्याला या शाळेने वाढविले, त्याला येथे एक धाकटा भाऊ मिळेल. जेथे मुलीही शिकतात, तेथे लेकींना वगळून हे मंडळ चालविणे समतेला धरून होणार नाही. ओळंबा मुलीच्या हातातही तितकाच सरळ उभा राहतो.

तिसरी अडचण पैशाची. रोजंदारीवरील माणसाचा रविवारचा रोज बुडतो आणि एस.टी.चे भाडे अंगावर पडते. अनेक वडील न येण्याचे खरे कारण हेच असते. त्याला उदासीनता म्हणणे अन्यायाचे आहे. माजी विद्यार्थी संघाने प्रवेशद्वाराच्या कमानीसाठी किंवा रंगरंगोटीसाठी निधी जमविण्याआधी दूरच्या पालकांच्या भाड्याचा विचार करावा. कमान एक वर्ष थांबू शकते. सहावीतील मुलगा थांबत नाही; बघता बघता तो दहावीत जातो आणि शाळा सोडतो.

शाळेने मुलाला पुस्तक दिले, शिस्त दिली, धम्म दिला. ज्या बापाने त्याला आपल्यापासून दूर पाठवून हे सारे शक्य केले, त्या बापाची ओळख मात्र अजून द्यायची राहिली आहे. 'माझ्यासारखा होऊ नकोस' असे सांगणाऱ्या पिढीचे काम पूर्ण झाले. आता तिच्या मुलांनी वडिलांपाशी बसून, 'तुम्ही हे कसे करता, मला दाखवा,' असे म्हणण्याची वेळ आली आहे. त्यासाठी नवी इमारत लागत नाही. महिन्यातील एक रविवार पुरेसा आहे. येत्या शैक्षणिक वर्षाच्या पहिल्या पालकसभेत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा, अशी संस्थेच्या विश्वस्तांना, सहकारी शिक्षकांना आणि माजी विद्यार्थ्यांना नम्र विनंती.

नमो बुद्धाय. जय भीम.